सुटलेले पाणी : कुंडलिकेच्या काठावरचे काम

कुंडलिका ही रायगड जिल्ह्यातील पश्चिमवाहिनी नदी. ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा परिसरात ती आकार घेते, कोलाड आणि रोह्यावरून वाहत जाते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मधोमध अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या आखूड आणि उतावळ्या असतात. जून ते सप्टेंबर त्या दुथडी भरून वाहतात, होळी उलटली की डोहांपुरत्या उरतात, आणि मधल्या पात्रात नुसते गोटे तापत पडतात. कुंडलिकेचा क्रम याहून वेगळा आहे. ऐन वैशाखातही तिच्या वरच्या टप्प्यात सकाळी काही तास जोरदार पाणी वाहते आणि दुपारपर्यंत ओसरून जाते. हा चढउतार पावसाचा नाही आणि भरती-ओहोटीचाही नाही. तो वीजगृहाच्या यंत्रांचा आहे. याच पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग उभे राहिले, आणि त्याच्या आधाराने पाहुण्यांना नदी, गावे, गड आणि खाडी दाखवण्याचे एक नवे काम या काठावर रुजले. त्या कामात काही हंगाम काढलेल्यांना नदीने काय शिकवले, याचा हा लेखाजोखा नदीच्याच वाटेने, वरून खाली जाणारा आहे.

घाटापलीकडचे पाणी

भिऱ्याचे जलविद्युत केंद्र टाटा वीज कंपनीने १९२७ मध्ये सुरू केले. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचे, सह्याद्रीचा उतार वापरून मुंबईला वीज देणारे हे तिसरे केंद्र. त्याचे पाणी येते मुळशीच्या जलाशयातून, आणि मुळशी आहे घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यात. तिथली मुळा नदी मुळात पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. धरणाने ते अडवले आणि डोंगराच्या पोटातून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडले. यंत्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यात आले आणि एका आखूड कोकणी नदीला बारमाही ओघ मिळाला.

या ओघाची किंमत मावळातल्या गावांनी मोजली. मुळशीच्या धरणाखाली सुपीक भातजमिनी आणि पिढ्यानपिढ्यांची घरे जाणार हे कळल्यावर १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. शेतकरी, बायका आणि मुले धरणाच्या कामावर जाऊन बसत आणि तुरुंगात जात. १९२४ पर्यंत लढा चालला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण पूर्ण झाले. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांनी जगात उभारलेल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते.

राफ्टमध्ये बसायला आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मे महिन्यात नदीत एवढे पाणी कसे, हा प्रश्न मात्र तो हमखास विचारतो. ‘धरणातून सोडतात’ या उत्तरावर बहुतेकांचे समाधान होते. काही वाटाडे मात्र तिथे थांबत नाहीत. नाव तयार होईपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत ते डोंगराकडे बोट दाखवतात आणि मुळशीची गोष्ट सांगतात. पाणी कुठून आले आणि त्यासाठी कोणाचे गाव गेले, हे ऐकलेला माणूस नदीत निराळ्या मनाने उतरतो, असा या वाटाड्यांचा अनुभव आहे. कोलाडचा वारसा गडावर किंवा लेण्यात सुरू होत नाही. तो या पाण्यापासूनच सुरू होतो.

पाणी सुटण्याची वाट

भिऱ्याच्या यंत्रांतून निघालेले पाणी खाली अडवून पुन्हा वापरले जाते. रावळजे येथे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे ‘भिरा टेलरेस’ हे वीजगृह आहे. त्यात ४० मेगावॅटचे दोन संच आहेत. हे संच चालले की पाणी पात्रात येते आणि काठावरची माणसे म्हणतात, ‘पाणी सुटलं.’ राफ्टिंगचा सारा दिवस या दोन शब्दांभोवती फिरतो. त्याही खाली, कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. तिथून हेच पाणी कालव्यांत शिरते आणि भातशेतीला व गावांना मिळते. एकच पाणी दोनदा वीज देते, मध्ये नावा वाहते आणि मग शेतात जाते. ही साखळी समजून घेणे हा या कामातला पहिला धडा आहे.

वाटाड्याचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. रबरी नावा गोदामातून काढून टेम्पोवर चढवणे, पंपाने हवा भरणे, प्रत्येक कप्पा दाबून गळती तपासणे, वल्ही, शिरस्त्राणे आणि जीवरक्षक जाकिटे मोजून घेणे ही कामे अंधारात उरकली जातात. नंतर वाट पाहायची. पाणी किती वाजता सुटेल हे विजेच्या मागणीवर ठरते. वेळ साधारण सकाळची असते, पण ती हक्काने मागता येत नाही. संच दुरुस्तीला बंद असतील किंवा मागणी कमी असेल तर पाणी उशिरा येते, कमी येते, क्वचित येतच नाही. सुटीच्या दिवशी कारखान्यांची मागणी घटते आणि पाहुण्यांची गर्दी मात्र त्याच दिवशी असते. हा पेच काठावरच्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. शहरातून पहाटे निघून आलेल्या चाळीस माणसांना ‘आज पाणी नाही’ असे सांगणे हे या धंद्यातले सर्वांत जड काम. जुने हात ते लपवत नाहीत आणि लांबवतही नाहीत. पैसे परत करतात किंवा दुसरा दिवस देतात, आणि जमल्यास लोकांना गावाकडे, गडाकडे, देवळाकडे नेतात. या अडचणीतूनच कोलाडच्या सहलींत स्थानिक वारशाची भर पडत गेली. पाणी नसलेल्या दिवसाने बऱ्याच वाटाड्यांना आपल्याच मुलखाचा इतिहास वाचायला लावला.

पाणी सुटल्याची खूण आधी कानाला कळते. दगडांतून हलका खळखळाट येतो, मग काठाजवळचे गोटे एकेक करून बुडतात, आणि पाऊण-एक तासात जिथे गुरे पात्र ओलांडत होती तिथे पांढरा फेस उसळतो. पात्रात कपडे धुणाऱ्या बायका, मासे धरणारी मुले आणि गुराखी यांना ही वेळ पाठ असते. बाहेरून आलेल्याला ती ठाऊक नसते. म्हणून सकाळी कोरडे दिसणारे पात्र ओलांडून पलीकडे फोटो काढायला जाणे येथे फार धोक्याचे आहे. वाटाडे पाहुण्यांना पहिली ताकीद देतात ती नावेबद्दल नसते, ती या कोरड्या पात्राबद्दल असते.

नदी वाचणे

राफ्टिंगचा टप्पा रावळजे-साजे भागातून सुरू होऊन कामत गावाच्या परिसरात संपतो. अंतर साधारण १२ ते १४ किलोमीटर, वेळ सुमारे दीड ते दोन तास. नदीतल्या खळाळांची प्रत एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात. एक म्हणजे जवळजवळ संथ पाणी, सहा म्हणजे जिवावर बेतणारे. कुंडलिकेचे खळाळ बहुतांशी दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत बसतात. पोहता न येणाऱ्या धडधाकट माणसालाही योग्य जाकीट आणि योग्य वाटाड्या असल्यास ते पार करता येतात. चौदा वर्षांखालील मुलांना वरच्या टप्प्यात सहसा नेत नाहीत. त्यांच्यासाठी खालच्या संथ पाण्यात कयाक आणि साध्या नावा असतात.

पाण्यात उतरण्याआधी सूचना दिल्या जातात. त्या ऐकण्याचा बऱ्याच जणांना कंटाळा येतो, पण त्यातली एकेक ओळ कुठल्यातरी अपघातातून आलेली असते. जाकिटाचे पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्याला धरून वर ओढले तरी ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ हातातून सुटता कामा नये, कारण मोकळी मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडल्यास उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे आणि पायांची बोटे पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करायचा नाही, मग पाणी कमरेइतके का असेना. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह अंगाला पुढे लोटतो आणि माणूस उथळ पाण्यातही खाली दाबला जातो. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो. तो उभा राहू पाहतो. म्हणून चांगला वाटाड्या ही एक सूचना तीनदा सांगतो आणि शेवटी प्रत्येकाकडून म्हणवून घेतो.

नावेत आज्ञा मोजक्याच असतात : ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ आणि ‘गेट डाऊन’. वाटाड्या मागे बसतो, नावेची दिशा त्याच्या वल्ह्यात असते, पण नावेचा जोर समोरच्या सहा-आठ अनोळखी माणसांच्या हातांत असतो. त्यांची वल्ही एका ठेक्यात पडली नाहीत तर नाव आडवी होते, आणि आडवी नाव दगडाला लागली की उलटते. पहिल्या संथ टप्प्यात वाटाडे मुद्दाम सराव करून घेतात. कोण ऐकतो, कोण गोंधळतो, कोण शेजाऱ्याच्या जिवावर बसला आहे हे त्यांना तेवढ्यात कळते, आणि पहिल्या खळाळाआधी ते जागा बदलून घेतात.

पाण्याची लिपी शिकायला वर्षे लागतात. दोन दगडांमधून पाणी गुळगुळीत जिभेसारखे निघते, तिचे टोक प्रवाहाच्या दिशेने असते. ती वाट मोकळी. टोक वरच्या दिशेला असेल तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलट वाहते. या उलट्या ओघात शिरलेली नाव जागच्या जागी थांबते, म्हणून पुढच्या नावेची वाट पाहण्यासाठी वाटाडे तिथेच विसावतात. उंचीवरून पडलेले पाणी जिथे स्वतःवरच उलटून येते, तिथे पडलेली वस्तू फिरत राहते. ती जागा टाळायची. पुरात वाहून आलेले झाड पात्रात आडवे पडले असेल तर सर्वांत सावध राहायचे, कारण फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो. दर पावसाळ्यानंतर दगड हलतात, झाडे बदलतात आणि ओळखीचा खळाळ अनोळखी होतो. म्हणून पूर ओसरल्यावर वाटाडे पाहुण्यांशिवाय रिकामी नाव घेऊन एकदा नदी पाहून येतात.

या कामातली आणखी एक शिस्त वेळेची आहे. सुटलेले पाणी पुढे पुढे जात असते आणि नावेला त्याच्याबरोबर राहावे लागते. वरचे संच बंद झाले की मागून पाणी ओसरू लागते. उशीर केलेली नाव खालच्या टप्प्यात गोट्यांवर बसते आणि ती उचलून काठाला आणावी लागते. नदीवर मौज करायला आलेल्या माणसाला घाई करायला सांगणे अवघड असते. पण नदीच तास मोजून देते, हे एकदा सांगितले की लोक ऐकतात.

काठावरची माणसे

सुरुवातीच्या काळात येथे हिमालयातल्या नद्यांवर तयार झालेले वाटाडे येत. ऋषिकेशचे आणि नेपाळचे तरुण अजूनही या काठावर दिसतात. त्यांच्या हाताखाली गावातली मुले शिकली. ती पोहण्यात आधीच पटाईत होती, नदीचे डोह आणि उतार त्यांना ठाऊक होते. त्यांना शिकावे लागले ते नियम, इंग्रजी आज्ञा आणि भ्यालेल्या माणसाशी बोलण्याची रीत. आज सकाळी नाव चालवणारा तरुण दुपारी शेतात किंवा घरच्या खाणावळीत दिसतो. जुलैमध्ये या घरांची खरी ओढाताण होते. पाहुणे पावसाळी नदीसाठी येतात आणि भाताची लावणीही त्याच दिवसांत येते. घरातली निम्मी माणसे चिखलात आणि निम्मी नदीवर, अशी विभागणी करावी लागते. ज्यांना केवळ नदीवर विसंबून राहायचे नाही ते शेत सोडत नाहीत, आणि पाणी न सुटलेल्या दिवसांनी त्यांचा हा निर्णय पुन्हा पुन्हा बरोबर ठरवला आहे.

कातकरी आणि ठाकर वाड्या या खोऱ्यात पूर्वीपासून आहेत. रानातल्या पालेभाज्या, खेकडे, मासे, मध यांचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. पहिल्या पावसानंतर शेवळे, भारंगी, टाकळा, कुर्डू बाजारात येतात ते बहुधा कातकरी बायकांच्या टोपलीतून. ज्या सहलींत या बायकांना बोलावून त्यांच्याकडून भाजी ओळखायला शिकवले जाते आणि त्याचा मोबदला त्यांच्या हातात दिला जातो, त्या सहली पाहुण्यांच्या ध्यानात राहतात. निव्वळ ‘आदिवासी नृत्य’ ठेवून भागवणाऱ्या सहलींना ते साधत नाही. माणसांना देखावा म्हणून उभे करणे आणि जाणकार म्हणून बोलावणे यांतला फरक पाहुण्यालाही कळतो.

हिवाळ्यात याच काठावर पोपटी लागते. ती रायगडची खास रीत. वालाच्या ताज्या शेंगा, मीठ, ओवा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी मडक्यात भरतात. खाली-वर आणि मध्ये भांबुर्डीचा पाला दाबतात. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्यांचा जाळ करतात. पाणी घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळे शिजते. भात कापून झाल्यावर त्याच शेताच्या उरलेल्या ओलीवर वाल पिकतो, म्हणून पोपटीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. बारा महिने पोपटी मागणाऱ्याला ती हंगामातच मिळते हे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. पदार्थाला काळ असतो हे कळणे हाही सहलीचाच भाग आहे.

गड, लेणी आणि रोहा

नावेतून उतरल्यावर उरलेला दिवस काठावरच्या खुणा पाहण्यात जातो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांब गावाजवळ सुरगड उभा आहे. त्यावर दोन लिप्यांतला शिलालेख आहे. रोह्याच्या उत्तरेला अवचितगड आहे. मेढे, पडम आणि पिंगळसई या तिन्ही गावांतून त्यावर वाटा जातात. दाट झाडीतून चढ संपतो तेव्हा दरवाज्यावर शरभाचे शिल्प दिसते, आत बारा कोनांचे टाके आहे, आणि एका बुरुजावर शके १७१८, म्हणजे इसवी सन १७९६ चा लेख आहे. वरून कुंडलिकेचे वळण स्पष्ट दिसते. हा गड कशासाठी, हे तिथे न सांगता समजते. खाडीतून नावा रोह्यापर्यंत येत, तिथून माल घाटाकडे जाई, आणि या वाटेवर नजर ठेवणारे ठाणे डोंगरावर हवे होते. सकाळी नावेतून उतरलेल्या माणसाला हे चटकन पटते, कारण पाण्याच्या वाटेने प्रवास करणे म्हणजे काय ते त्याने नुकतेच अनुभवलेले असते.

पावसाळ्यात मात्र सगळ्या वाटा खुल्या नसतात. भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा गेल्या काही वर्षांत फार गाजला आणि तिथे जीवही गेले. मधला ओढा काही मिनिटांत फुगतो आणि पलीकडे गेलेली माणसे अडकतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तिथे जाण्यास मनाईचा आदेश काढते. पाहुणे आग्रह करतात, आणि काही वेळा नको म्हणणाऱ्या वाटाड्याचे गिऱ्हाईकही जाते. तरी नको म्हणता येणे हेच या कामातले कसब आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि नोंदणी व सुरक्षेचे नियम घातले. कागदावरच्या नियमाला खरा अर्थ मात्र काठावर उभा असलेला माणूसच देतो.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असतो त्यांना वाटाडे तळा गावाकडे, कुड्याच्या लेण्यांना नेतात. ही बौद्ध लेणी शेजारच्या राजपुरी खाडीवर आहेत. त्यांची संख्या २६. इथले दानलेख वाचण्यासारखे आहेत. महाभोज घराण्यातल्या लोकांबरोबरच एक माळी, एक वैद्य आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी यांची दाने तिथे नोंदलेली आहेत. घाटावरच्या कऱ्हाडचा लोहव्यापारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या खाडीवर लेणे कोरवतो, यावरून घाट आणि समुद्र यांच्यातली ये-जा किती जुनी आहे ते ध्यानात येते.

रोहा हे कुंडलिकेवरचे मोठे गाव. नदीपलीकडच्या अष्टमीसह त्याची नगरपालिका रोहा-अष्टमी या जोडनावाने ओळखली जाते. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते आणि सशस्त्र पोलीस तिला मानवंदना देतात. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये येथे झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचेही रोह्याशी नाते होते. कोकण रेल्वे सुरू होते ती रोहा स्थानकापासून.

रोह्याला आल्यावर नदीबद्दलची एक कटू गोष्टही सांगावी लागते. धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि रोह्याखालची कुंडलिका प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गेलेली आहे. वर ज्या पाण्यात माणसे निर्धास्त उड्या टाकतात त्याच पाण्यात खाली मासे मिळेनासे झाल्याची तक्रार मच्छीमार करतात. सहल वरच्या स्वच्छ टप्प्यातच संपवली तर हे दिसत नाही. ज्यांनी नदीवर पोट भरले त्यांना ते झाकून ठेवणे शोभत नाही. वरच्या टप्प्यातही प्लास्टिकच्या बाटल्या, मोठ्या आवाजातले स्पीकर आणि दारू यांनी पात्र बिघडते, आणि तो दोष कारखान्यांवर टाकता येत नाही. काही वाटाडे नावेत एक रिकामे पोते ठेवतात आणि अडकलेला कचरा गोळा करत जातात. पाहुण्यांपैकी एकाने वाकून बाटली उचलली की बाकीचे न सांगता हात लावतात, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे.

खाडी आणि समुद्र

रोह्याखाली नदीची चाल बदलते. पाणी मचूळ होते, दोन्ही काठांवर कांदळवन दिसू लागते, आणि खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध लागतात. इथे वेळ वीजगृहाची राहत नाही. ती चंद्राची होते. वर पाणी सुटण्याची वाट पाहणारा माणूस इथे भरतीचा हिशेब विचारतो. वरचा वाटाड्या खाली अडाणी ठरतो आणि कोळ्याचे ऐकतो.

मुखाशी उत्तर काठावर रेवदंडा आणि त्यामागे चौल. चौल हे फार जुने बंदर. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमिल्ला या नावाने येते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दात्यांत ‘चेमुल’चे रहिवासी आहेत. १४६९ च्या सुमारास त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन येथेच उतरला. विकण्यासाठी आणलेला एक घोडा त्याच्याबरोबर होता, आणि तो पुढे बिदरकडे गेला. १५०८ मध्ये याच मुखाशी इजिप्त व गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला. त्यातल्या उंच मनोऱ्याला लोक आजही ‘सातखणी’ म्हणतात.

दक्षिण काठावर समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये, वसईच्या मोहिमेपाठोपाठ, मराठ्यांनी तो जिंकला. पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा मराठीशी मिसळून वेगळ्याच रूपात टिकली. ती बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. सत्ता संपून पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली तरी ही भाषा घरात बोलली जाते, हा कुंडलिकेच्या काठावरचा सर्वांत नाजूक वारसा आहे. तो पाहता येत नाही, ऐकावा लागतो. तिथे जाताना गर्दी नेत नाहीत. दोन-चार माणसे, ओळखीच्या घराची परवानगी आणि कॅमेरा पिशवीत, एवढेच पथ्य पाळले जाते.

मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वळवावे अशी मागणी वेळोवेळी होत असते. घाटावरच्या कोरड्या शेतांची गरज खरी आहे, आणि ज्यांची गावे बुडाली त्यांचा हक्कही खरा आहे. तसे झाले तर कोलाडच्या नावा वर्षाचे बरेच महिने काठावर पडून राहतील, डोलवहाळच्या कालव्यांनाही ताण पडेल. नदीवर काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. आपले पोट ज्या पाण्यावर चालते ते कायमचे आपले नाही, हे समजून ते काम करतात, आणि त्यामुळेच पाहुण्याला नदी दाखवताना मुळशीपासून सुरुवात करतात. घाटमाथ्यावर पडलेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेला पाऊस डोंगर फोडून इकडे येतो, दोनदा वीज देऊन, नावा वाहून आणि भात पिकवून कोर्लईपाशी अरबी समुद्रात शिरतो. किल्ल्याच्या शेवटच्या बुरुजावरून भुरे पाणी आणि निळे पाणी यांची सीमा दिसते. सहल तिथे संपते.